गिअरबॉक्सचा ताप खरा की खोटा?

क्लचचा जाच नको म्हणून स्वयंचलित गिअरबॉक्सची मोटार घेणाऱ्यांची संख्या मोठ्या शहरांत वाढत गेली आहे. रोज दादर ते अंधेरी किंवा स्वारगेट ते हिंजवडी अशी ये-जा करणाऱ्याच्या डाव्या पायाला मिळणारी विश्रांती ही आता चैन राहिलेली नाही. मात्र या सोयीबरोबर एक धास्तीही घरात येते. एके दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसते आणि गॅरेजमध्ये स्कॅनर जोडल्यावर गिअरबॉक्सच्या तापमानाविषयी काहीतरी सांगण्यात येते. पुढचे वाक्य बहुधा ठरलेले असते: 'गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल.' हे काम अनेक गाड्यांच्या बाबतीत लाखाच्या घरात जाते.

प्रत्यक्षात दोष पुष्कळदा गिअरबॉक्सचा नसतो, तर त्याचा ताप मोजणाऱ्या दाण्याएवढ्या सेन्सरचा किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या वायरचा असतो. उलट प्रकारही घडतो. सेन्सर खरे बोलत असतो, तेल खरोखरच उकळू लागलेले असते आणि 'सेन्सरची कुरबुर आहे, चालवा तशीच' असा सल्ला मिळतो. पहिल्या चुकीत विनाकारण पैसे जातात, दुसरीत गिअरबॉक्स जातो. या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी लागणाऱ्या चाचण्या मात्र फारशा महाग नाहीत. त्यांना लागतो तो वेळ आणि थोडा संयम.

तेलाला ताप का येतो?

साध्या मोटारीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना क्लच प्लेट जोडते. टॉर्क कन्व्हर्टर पद्धतीच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये ते काम तेल करते. इंजिन एका बाजूची पाती फिरवते, त्या पात्यांनी फेकलेले तेल समोरच्या पात्यांना फिरवते. दोन्ही बाजूंच्या गतीत फरक आहे तोवर तेल घुसळले जाते आणि घुसळण्यात खर्ची पडलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने तेलातच उतरते. त्यामुळे बोरघाटात मालमोटारींच्या रांगेमागे चढावर रखडणारी गाडी तेल सर्वाधिक तापवते. मोकळ्या रस्त्यावर वेग स्थिरावला की 'लॉक-अप क्लच' दोन्ही बाजू थेट जोडतो, घसरण थांबते आणि तेल निवू लागते.

हेच तेल गिअर बदलणाऱ्या आतील क्लचना दाब पुरवते, सुट्या भागांना वंगण देते आणि त्यांची उष्णता कूलरपर्यंत वाहून नेते. थंड तेल दाट असते, तापलेले पातळ. म्हणून गिअर केव्हा बदलायचा, दाब किती ठेवायचा आणि लॉक-अप लावायचा की नाही, हे ठरविण्यासाठी कंट्रोल युनिटला तेलाचे तापमान सतत ठाऊक असावे लागते. तेल थंड असेल तर ते गिअर उशिरा बदलते आणि लॉक-अप रोखून धरते. साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअस या पट्ट्यात ते निश्चिंत असते. तापमान त्याच्या फार वर गेले, की लॉक-अप लवकर लावणे, इंजिनाची ताकद कमी करणे, चालकाला इशारा देणे असे उपाय ते योजते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून भारतात रुजलेल्या 'एएमटी' गाड्यांत साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच असतो. फक्त ते चालविणारा पाय आणि हात यंत्राचा असतो. त्यांत टॉर्क कन्व्हर्टर नाही, त्यामुळे हा लेख त्यांच्यासाठी नाही. सीव्हीटी आणि तेलात बुडालेल्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सना मात्र यातले बरेचसे लागू पडते.

थंडीची खोटी बातमी, खरा ताप

तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे बहुधा एक थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युत रोध कमी होतो. अमेरिकेत लक्षावधी गाड्यांत बसलेल्या जनरल मोटर्सच्या '४एल६०-ई' या गिअरबॉक्सचे उदाहरण घेतले, तर त्यातील सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे साडेतीन हजार ओहम असतो. १०० अंशांना तो जेमतेम पावणेदोनशे ओहमवर येतो. कंट्रोल युनिट एका ठराविक रोधामार्फत पाच व्होल्ट पुरवते आणि सेन्सरवर किती व्होल्ट उरले ते पाहून तापमान ठरविते. व्होल्ट जास्त म्हणजे तेल थंड, व्होल्ट कमी म्हणजे तेल गरम.

यावरून बिघाडाची दोन टोके लक्षात येतात. वायर तुटली तर रोध अमर्याद होतो आणि स्कॅनरवर उणे ४० अंश असे तापमान झळकते. मुंबईत मे महिन्यात गिअरबॉक्स उणे ४० अंशांवर असणे शक्य नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही. याउलट वायरचे आवरण घासून ती गाडीच्या सांगाड्याला टेकली तर रोध शून्यावर येतो आणि नुकत्याच सुरू केलेल्या गाडीचे तेल दीडशे अंशांवर असल्याचे दिसते.

असे टोकाचे दोष पकडणे कंट्रोल युनिटला सोपे जाते. ते सेन्सरवरचा विश्वास काढून घेते, एखादे ठराविक तापमान किंवा इंजिनाच्या कूलंटचे तापमान गृहीत धरते आणि दिवा लावते. खरी अडचण अर्धवट खोटे बोलणाऱ्या सेन्सरची आहे. समजा, सेन्सर सतत वीस-पंचवीस अंशच दाखवत राहिला. हा आकडा अशक्य नसल्यामुळे कंट्रोल युनिट त्यावर विश्वास ठेवते. तेल अजून थंडच आहे असे समजून ते लॉक-अप लावत नाही. द्रुतगती मार्गावर इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा काहीशे जास्त राहतात, पेट्रोल जास्त जाते आणि कन्व्हर्टरमधील घसरण न थांबल्यामुळे तेल तापत राहते. म्हणजे थंडीची खोटी बातमी खरा ताप आणते, आणि तो ताप मोजायला कोणी शिल्लक नसते. या परिस्थितीत दिवा लागेलच असेही नाही.

कोड म्हणजे निकाल नव्हे

दोषांची सांकेतिक नोंद करण्याची प्रमाणित पद्धत अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची झाली. भारतात ती २०१०च्या दशकात प्रदूषणविषयक 'भारत स्टेज' नियमांबरोबर टप्प्याटप्प्याने आली. या पद्धतीत गिअरबॉक्स तेलाच्या तापमान सेन्सरसाठी पी ०७१० ते पी ०७१४ असे पाच कोड राखून ठेवलेले आहेत. पी ०७१० म्हणजे सेन्सरच्या मंडलात दोष. पी ०७११ म्हणजे आकडा पटण्याजोगा नाही; उदाहरणार्थ, बराच वेळ गाडी चालूनही तापमान हललेच नाही. पी ०७१२ म्हणजे व्होल्ट कमी, पी ०७१३ म्हणजे व्होल्ट जास्त आणि पी ०७१४ म्हणजे अधूनमधून तुटणारा संपर्क.

यात दोन ठिकाणी गफलत होते. पी ०७१२ मधील 'कमी' हे तापमान नसून व्होल्ट आहेत; म्हणजे त्या वेळी वाचन उलट फार गरम असते. दुसरी गफलत अधिक महागात पडते. कोड 'मंडला'विषयी बोलतो, आणि मंडलात सेन्सर, दोन वायर, एक-दोन कनेक्टर आणि खुद्द कंट्रोल युनिट इतके सगळे येते. त्यामुळे 'कोड सेन्सरचा आला, सेन्सर बदलला' ही पद्धत निव्वळ अंदाजाची ठरते. तेल खरोखर प्रमाणाबाहेर तापल्याची नोंद वेगळ्या कोडने होते. त्याचा क्रमांक पी ०२१८. हा कोड आला असेल तर संशयाची सुई आधी तेलाकडे आणि कूलरकडे वळायला हवी.

कोड वाचल्यावर तो लगेच पुसून टाकण्याची घाई अनेक ठिकाणी केली जाते. ती टाळायला सांगावे. कोडबरोबर त्या क्षणाची नोंदही साठवलेली असते: गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, कूलंटचे तापमान. बिघाड खड्ड्यात आदळल्यावर झाला की घाटात, याचा धागा तिथेच मिळतो. बाजारात मिळणारी स्वस्त ब्लूटूथ यंत्रे पुष्कळदा केवळ इंजिनाच्या कंट्रोल युनिटशी बोलतात, गिअरबॉक्सच्या नाही. त्यामुळे 'माझ्या मोबाइलवर तर काहीच दिसत नाही' हा पुरावा धरता येत नाही.

सकाळची थंड गाडी

सर्वांत स्वस्त आणि बोलकी चाचणी सकाळी होते. गाडी रात्रभर सावलीत उभी असावी. इंजिन सुरू न करता केवळ इग्निशन चालू करायचे आणि स्कॅनरवर तीन आकडे शेजारी शेजारी पाहायचे: गिअरबॉक्स तेल, इंजिनाचे कूलंट आणि आत येणारी हवा. रात्रभर निवलेल्या गाडीत हे तिन्ही आकडे काही अंशांच्या फरकाने सारखे असले पाहिजेत. दोन २६ अंश म्हणत असतील आणि तिसरा ६० किंवा उणे ४० म्हणत असेल, तर खोटे कोण बोलतो ते तिथेच कळते. यासाठी गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवावी लागते. 'दुपारी आणा, तासाभरात बघून देतो' म्हणणाऱ्याकडे ही चाचणी होऊ शकत नाही.

यानंतर गाडी चालवत आकड्याचा आलेख पाहायचा. तेल हळूहळू तापते, त्यामुळे रेषा सावकाश आणि सलग वर चढायला हवी. खड्ड्यासरशी ती ७० वरून उणे ४० वर उडी मारून परत येत असेल तर कनेक्टर सैल आहे किंवा वायर आतून तुटलेली आहे. तेल इतक्या वेगाने निवत नाही.

तिसरी पायरी कनेक्टरची. सेन्सरचा कनेक्टर काढला की स्कॅनरवर उणे ४० च्या आसपासचा आकडा यायला हवा. वायरिंगकडील दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडली की आकडा सर्वांत वरच्या टोकाला जायला हवा. दोन्ही वेळा तसे झाले तर वायर आणि कंट्रोल युनिट निर्दोष आहेत; संशय सेन्सरवर उरतो. तसे झाले नाही तर नवा सेन्सर बसवूनही काही साधणार नाही. अर्थात, ही जोडणी त्या गाडीची वायरिंगची आकृती समोर ठेवूनच करायची असते. चुकीच्या दोन पिना जोडल्या तर कंट्रोल युनिट जळू शकते. शिवाय काही गिअरबॉक्समध्ये तापमानाबरोबर रोध वाढणारा, म्हणजे उलट वागणारा सेन्सर असतो. त्यामुळे वरील ओहमचे आकडे दुसऱ्या गाडीला लावण्यात अर्थ नाही. तक्ता त्याच गिअरबॉक्सचा हवा.

गंजलेली पिन

आपल्याकडे या मंडलाचे दोन मोठे शत्रू आहेत: पावसाळा आणि उंदीर. बोनेटखाली मुक्कामाला आलेला उंदीर वायर कुरतडतो. तो दोष निदान डोळ्यांना दिसतो. पावसाळ्यात, विशेषतः तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीत, कनेक्टरमध्ये ओल शिरते आणि काही महिन्यांनी पिनांवर हिरवट थर जमतो. हा थर मंडलात थोडासा जादा रोध घालतो, आणि येथे निदान करणारे पुष्कळ जण फसतात.

वरील उदाहरणातलेच आकडे घेऊ. गंजामुळे १०० ओहमची भर पडली असे समजा. सकाळी २० अंशांना सेन्सरचा रोध साडेतीन हजार आहे. त्यात शंभर मिळवले तरी तापमानात अंशभराचाही फरक दिसत नाही. सकाळची चाचणी गाडी उत्तम रीतीने उत्तीर्ण होते. तेल १०० अंशांवर गेले की मात्र सेन्सरचा रोध पावणेदोनशे उरतो. त्यात तेच शंभर मिळवले की एकूण पावणेतीनशे होतात, आणि कंट्रोल युनिटला तेल ८५ अंशांच्या आसपास असल्याचे वाटते. जिथे खरे कळणे सर्वांत गरजेचे, तिथेच वाचन पंधरा अंशांनी खोटे ठरते. म्हणून थंड गाडीत सर्व ठीक आढळले तरी गरम तेलावर पुन्हा मोजणी हवी. सेन्सर काढता येण्याजोगा असेल तर तो गरम पाण्यात धरून, शेजारी थर्मामीटर ठेवून दोन-तीन तापमानांना मल्टिमीटरने रोध मोजता येतो. सेन्सर तक्त्याप्रमाणे वागला, तर उरलेला दोष पिनांत किंवा वायरमध्ये शोधायचा.

मर्सिडीजचा चकवा

सेन्सर नुसता समजून भागत नाही, तो कुठे बसवला आहे हेही पाहावे लागते. याचे चांगले उदाहरण म्हणजे मर्सिडीज-बेंझचा १९९६ च्या सुमारास आलेला '७२२.६' हा पाच गतींचा गिअरबॉक्स. पुण्याच्या परिसरात जुळणी झालेल्या 'डब्ल्यू २१०' मालिकेच्या ई-क्लासमध्ये तो होता. महिंद्रने २०१२ मध्ये भारतात आणलेल्या सँगयाँग रेक्स्टनच्या स्वयंचलित आवृत्तीतही मर्सिडीजचाच पाच गतींचा गिअरबॉक्स होता. यांपैकी अनेक गाड्या आज तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आहेत, आणि त्यांची किंमत गिअरबॉक्सच्या दुरुस्तीच्या खर्चाजवळ येऊन ठेपली आहे.

या गिअरबॉक्समध्ये तापमानाचा सेन्सर सुटा नसतो. तेलाच्या चेंबरच्या वर, व्हॉल्व्ह बॉडीवर बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या 'कंडक्टर प्लेट'चा तो भाग असतो. गती मोजणारे दोन सेन्सरही त्याच प्लेटवर असतात. गंमत अशी की तापमानाचा सेन्सर आणि 'गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आहे' हे सांगणारा स्विच एकाच मंडलात एकामागोमाग जोडलेले आहेत. पार्क आणि न्यूट्रलमध्ये हा स्विच उघडा असतो, त्यामुळे तापमानाचे वाचन कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचतच नाही. त्या काळात ते इंजिनाच्या कूलंटचे तापमान उसने घेते. परिणामी पार्कमध्ये उभ्या गाडीवर स्कॅनर लावून 'तेलाचे तापमान बरोबर आहे' असे म्हणणारा कारागीर प्रत्यक्षात कूलंटचे तापमान वाचत असतो. खरा आकडा पाहायचा तर ब्रेक घट्ट दाबून गाडी रिव्हर्स किंवा ड्राइव्हमध्ये घ्यावी लागते.

त्याच गिअरबॉक्सचे दुसरे दुखणे सर्वश्रुत आहे. कवचातून वायर बाहेर येतात तेथील तेरा पिनांच्या प्लगच्या रबरी ओ-रिंग कालांतराने कडक होतात. तेल प्लगमध्ये झिरपते आणि वायरच्या आतून वातीसारखे चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत जाते. कंट्रोल युनिटच्या सॉकेटमध्ये तेल दिसले तर कंडक्टर प्लेटच्या आधी हा प्लग तपासावा. तो अगदी किरकोळ किमतीचा भाग आहे. प्लेटच बदलावी लागली तरी त्यासाठी गिअरबॉक्स गाडीतून उतरवावा लागत नाही. चेंबर आणि व्हॉल्व्ह बॉडी काढून ते काम होते, आणि त्याच वेळी फिल्टर व तेल बदलून घेता येते. यानंतर आलेल्या सात गतींच्या '७२२.९' मध्ये मात्र कंट्रोल युनिटच गिअरबॉक्सच्या आत गेले. तेथे नवा भाग त्या गाडीशी संगणकाद्वारे जुळवावा लागतो, त्यामुळे साध्या गॅरेजच्या मर्यादा उघड होतात.

ताप खरा असेल तर

स्कॅनर १३० अंश दाखवत असेल तर सेन्सरवर आळ घेण्यापूर्वी एक स्वतंत्र साक्ष काढावी. त्यासाठी लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक पुरते. मात्र चकचकीत ॲल्युमिनियमवर ती फसवे, प्रत्यक्षाहून कमी वाचन देते. चेंबरवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरावा. आतील तेल आणि बाहेरचा धातू यांत काही अंशांचा फरक राहणारच. पण स्कॅनर १३० आणि चेंबर ७५ म्हणत असेल, तर सेन्सर किंवा त्याचे मंडल दोषी आहे. चेंबरही तितकाच तापलेला असेल तर सेन्सरने आपले काम चोख केले आहे. मग तेलाची पातळी, जळका वास, चिखलाने बुजलेला कूलर, बंद पडलेला पंखा किंवा घसरणारा लॉक-अप क्लच यांकडे वळावे, आणि तोवर गाडी चालवू नये.

तेलाच्या पातळीशी या सेन्सरचा आणखी एक संबंध आहे. अलीकडच्या अनेक गिअरबॉक्सना तेल मोजण्याची पट्टीच नसते. इंजिन चालू ठेवून, तेल ठराविक तापमानाला आणून बाजूचा बोल्ट उघडतात आणि तेल थेंब-थेंब सांडू लागले की पातळी बरोबर मानतात. 'झेडएफ' कंपनीच्या सहा गतींच्या '६एचपी' मालिकेत हे तापमान ३० ते ५० अंश असते. वर सांगितलेल्या '७२२.६' ला कारागिराची वेगळी पट्टी लागते, तिच्यावर २५ आणि ८० अंशांच्या वेगवेगळ्या खुणा असतात. तेल तापले की फुगते. त्यामुळे खोटे बोलणाऱ्या सेन्सरच्या भरवशावर पातळी धरली तर तेल कमी किंवा जास्त भरले जाते, आणि नवे तेल घालूनही गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालू लागते. सेन्सरचा संशय असताना तेल बदलण्याचे काम आधी काढू नये. आधी मंडल नीट करावे, मग तेल.

काम झाल्यावर ग्राहकाने जुना भाग परत मागावा आणि दुरुस्तीपूर्वीच्या व नंतरच्या वाचनांची छापील प्रत घ्यावी. कोड पुसल्यावर एक थंड सुरुवात आणि एक लांबची फेरी होऊ द्यावी. पी ०७११ सारखा कोड तेल थंडापासून पूर्ण तापेपर्यंतचा प्रवास पाहूनच परत उमटतो, गॅरेजच्या दारात तो दिसत नाही.